पाण्यातला ण

शिकवणीच्या बाई म्हणून माझं नाव चांगलं होतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. नाव वाईट असतं तर कुणीतरी वेळेवर येऊन चार शब्द सुनावले असते. तसं कुणी सुनावलं नाही. ज्यांनी सुनावायला हवं होतं ते आबा माझ्याशी अखेरपर्यंत अदबीनं बोलले, आणि ती अदब मला अजून पचलेली नाही.

ही हकिगत त्या आबांची आणि त्यांच्या नातीची आहे. त्या दोघांमध्ये जे बोलणं होतं ते माझ्यामुळे बंद पडलं. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागले तर वाचणाऱ्यानं सावध राहावं. मला ती खोड आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. लग्न होऊन मी भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायला आले. डी.एड. झालेलं, पण नोकरीची ऑर्डर काही निघत नव्हती. नवरा कारखान्याच्याच शेतकी खात्यात. हंगाम सुरू झाला की सकाळी मोटारसायकलवर टांग टाकून जायचा तो थेट दिवेलागणीला उगवायचा. व्हरांड्यात पडलेली काजळी दिवसातून दोनदा झाडणं, यापलीकडे मला काम नव्हतं. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या मुलाला चौथीच्या स्कॉलरशिपसाठी माझ्याकडे पाठवलं, त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, आणि दिवाळीपर्यंत माझ्या व्हरांड्यात पंधरा-सोळा पोरं मांडी घालून बसायला लागली. अर्धी कॉलनीतली, तेल लावून भांग पाडलेली. अर्धी कॅनॉलच्या पलीकडच्या वस्त्यांवरची, पायाला माती तशीच घेऊन येणारी.

मारायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. माझं माहेर नरसिंहपूरकडचं. तिथे गुरुजींच्या छडीनं माझे तळहात सुजले होते, पण पाढे काही आत शिरले नव्हते. पोरांना शिकवायचं तर त्यांच्या नजरेसमोरचंच घ्यायचं, असं माझं मत. दशक-शतक शिकवायला मी कडब्याच्या काड्या आणल्या आणि त्यांना ऊस म्हटलं. दहा उसांची एक मोळी, दहा मोळ्यांची एक बैलगाडी. शंभरातून सदतीस वजा करायचे म्हणजे गाडी सोडायची, मोळ्या उतरवायच्या, त्यातली एक उसकटायची. ज्या पोरांना हातच्याचं गणित वर्षभर उमगलं नव्हतं ती आठवड्याभरात धडाधड गाड्या सोडायला लागली. कॉलनीतल्या आया कौतुकानं बघायला यायच्या. मलाही त्यांनी बघितलेलं आवडायचं.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं, आणि ते चांगलंच होतं असं मी आजही म्हणेन. वाईट होता तो माठ.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ असायचा आणि त्यावर लांब दांड्याचं ओगराळं. वस्तीवरची पोरं तहानेली यायची आणि आल्या आल्या ओरडायची, "बाई, पानी!"

एकदा मी म्हणाले, "पानी माझ्याकडे नाही. पाणी आहे."

पोरं आधी बावचळली, मग हसली, मग जीभ टाळूला लावून "पाणी" म्हणाली आणि गटागटा प्याली. मला वाटलं, काय सोपी युक्ती सापडली! तिचा मी नियम करून टाकला. ण म्हटल्याशिवाय पाणी नाही. शिवाय जो कुणी सबंध तासात एकदाही "हाय", "न्हाय", "कोन" म्हणणार नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी माठाशेजारच्या स्टुलावर बसायचं, ओगराळं आपल्या हातात धरायचं आणि बाकीच्यांना पाणी द्यायचं. जत्रेत पालखीचा मान असतो तसा हा माठाचा मान, असं नाव पोरांनीच पाडलं. मोठ्या माणसांना अहो-जाहो करायचं, हेही मी त्यातच घुसवलं. तासाच्या सुरुवातीला सगळे मिळून आरती म्हटल्यासारखं म्हणायचे: बाण, वेणी, लोणी, पाणी. लांब रस्त्यापर्यंत आवाज जायचा.

हे मला सुचलं कुठून, तेही सांगायला हवं. बारामतीला डी.एड.ला असताना माझा पहिला सराव पाठ "पाण्याचे उपयोग" हा होता. फळ्यावर मी मोत्यासारख्या अक्षरात शीर्षक लिहिलं, वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "मुलांनो, पानी आपल्याला कुठून मिळतं?" पाठ बघायला मागे बसलेल्या माझ्याच मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसल्या. टाचणाच्या वहीत लाल शाईनं शेरा आला: उच्चार सुधारा. त्यानंतर महिनाभर मी वसतिगृहाच्या न्हाणीघरात नळ सोडून ठेवायची आणि त्या आवाजाआड ण घोकायची. ण मला आला. तो आल्यावर मात्र आईचं बोलणं मला खुपायला लागलं. ती कॉलनीत पहिल्यांदा राहायला आली तेव्हा शेजारच्या वहिनींसमोर तिनं तोंड उघडलं रे उघडलं की मीच मध्ये बोलायची. आईला ते कळत होतं. ती चार दिवस राहणार होती, दोनच दिवसांत गेली.

माझ्यासारखं हसू या पोरांना कुठे ओढवून घ्यावं लागू नये, हा माझा हेतू होता. खरंच होता. पण त्यात पोरांची काळजी किती होती आणि माझी जुनी जळजळ किती, हे मी तेव्हा तपासलं नाही. बघा, लागले मी बाजू मांडायला.

तर त्या वस्तीवरच्या पोरांत एक मुलगी होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. ती विकून टाकून आता तिच्या बापानं ऊस आणि थोडं डाळिंब लावलं होतं. तिला पोहोचवायला आणि परत न्यायला तिचे आबा, म्हणजे आजोबा, यायचे. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं. पोरगी आत बसली की ते रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली घोंगडं अंथरून दोन तास बसून राहायचे.

दोघं कॅनॉलच्या भरावावरून यायची तेव्हा दिसायच्या आधी ऐकू यायची. आबा काहीतरी जुनं सांगत असायचे आणि पोरगी त्यांना मध्येच पकडायची.

"आबा, तू काल म्हनलास लांडगा डाव्या अंगानं आला!"

"व्हय का? मंग डाव्याच अंगानं आला आसंल."

"मंग आज उजव्या अंगानं का सांगतुयास?"

"दोन हुते गं लांडगं. ऐकून तर घी."

मेंढरं गेल्यावर आबांना काम उरलं नव्हतं. घरात लेक आणि सून आपापल्या घाईत, शेताची भाषा मोटारीची आणि खताची. त्यात आबांना विचारण्यासारखं काही नव्हतं. जाता-येता मिळून तासभर नात त्यांची असायची, तेवढंच त्यांचं बोलणं. तिच्या आईनं मला एकदा हसत हसत सांगितलं, "बाई, शिकवनी तिची न्हाय, आबांचीच हाय. तिला सुट्टी दिली तरी त्ये निघत्याल."

पोरगी हुशार होती. आबांनी तिला मेंढरं मोजायची रीत शिकवली होती, विसाविसांची. "तीन इसा न सात" म्हणायची आणि माझी गाडी सुटायच्या आधी उत्तर देऊन मोकळी व्हायची. शुद्धलेखनात तिचा ण कधी चुकला नाही. कागदावर पाणी, तोंडात पानी. आता विचार केला की हसू येत नाही, पण परीक्षा तर सगळी कागदावर होती. तोंडाची परीक्षा घेणारी अख्ख्या इंदापूर तालुक्यात मी एकटीच असेन.

नियम झाल्यावर पहिले पंधरा दिवस तिनं माझ्याकडे पाणीच मागितलं नाही. उन्हातून चालत आलेली पोर, आणि मी समजले की हिला तहान कमी लागते. नंतर कळलं की तास सुटला की ती कोपऱ्यावरच्या नळाला ओंजळ लावायची, आणि नळ कोरडा असला की तशीच घरी जायची. हे मला कळलं तेव्हाही मी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं.

हळूहळू तिचं बोलणं निम्म्यावर आलं. वाक्य आधी मनात धुऊन घ्यायची, पिळायची, मग बाहेर काढायची. "बाई, माझे गणित झाले आहे." पुस्तकातलं वाचल्यासारखं. मी त्याला प्रगती म्हटलं. संक्रांत होऊन गेल्यावर तिला पहिल्यांदा माठाचा मान मिळाला, आणि मग तो तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकलं नाही. स्टुलावर ती ताठ बसायची. तिच्याइतकी कडक मानकरीण दुसरी कुणी नव्हती. वस्तीवरच्याच पोरांना ती तीन-तीनदा म्हणायला लावायची, आणि मी वह्या तपासता तपासता गालातल्या गालात हसायची.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी कोपऱ्यावरचा नळ कोरडा होता. तास अर्ध्यावर आला असताना आबा लिंबाखालून उठून व्हरांड्याच्या पायरीपाशी आले. वहाणा खालीच काढल्या.

"बाई, नळ कोरडा हाय. वाईच पानी मिळंल का?"

मी वहीतून मान वर काढली नाही. थट्टेच्या सुरात म्हणाले, "मानकरीण बसली आहे तिथे. तिला मागा."

आबा कौतुकानं नातीकडे वळले. "पानी दी गं बाय."

पोरीनं ओगराळं माठात घातलं होतं. ते तिथेच थांबलं. सगळी पोरं तिच्याकडे बघत होती. कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "नियम!" तिनं माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी मान वर केली होती, आणि माझ्या चेहऱ्यावर हसू होतं. ते तिनं वाचलं.

"पाणी म्हणा, आबा."

आबांना आधी समजलंच नाही. "पानीच म्हनलं की."

"पानी नाही. पाणी."

"पा... न्नी."

पोरं खो-खो हसली. आबाही हसले, गंमत न कळलेला माणूस चारचौघांत हसतो तसे. पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा न आला, पुन्हा हशा. मग त्यांचं हसू थांबलं. पाण्याचं त्यांना काही वाटलं असेल असं मला नाही वाटत. ती "म्हणा" म्हणाली होती. कालपर्यंत, अगदी तासाभरापूर्वी भरावावरून येतानाही, ती त्यांना "तू" म्हणत होती.

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. नातीला माणूस "दे" म्हणतो. ते "द्या" म्हणाले, वहाणा पायात घातल्या आणि लिंबाखाली जाऊन बसले.

माठ माझ्यापासून चार पावलांवर होता. उठून तांब्याभर पाणी नेऊन देणं मला सहज शक्य होतं. मी उठले नाही. मी काय केलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. तिचा ण इतका स्वच्छ पडला होता की मला अभिमान वाटला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शाबास!"

दुसऱ्या दिवशी भरावावरून दोघं आली ती ऐकू न येताच आली. आबा पुढे, पोरगी चार पावलं मागे. तिसऱ्या दिवशी तसंच. आठवड्यानं तिची आई बाजाराला जाताना दारात थांबली. "काय झालंय बाई दोघास्नी? येत्यात-जात्यात, पर मुक्यानं. इचारलं तर कायच सांगत न्हाईत." मी म्हणाले, परीक्षा जवळ आली आहे, अभ्यासाचा ताण असेल. सराईतपणे खोटं बोलले.

नियम मोडून टाकायचा तर एका वाक्याचं काम होतं. पण परीक्षा महिन्यावर आली होती, पोरं रंगात होती, आणि आपलं चुकलं असं सोळा पोरांसमोर म्हणायची माझी छाती झाली नाही. त्याऐवजी मी दुसरीच युक्ती काढली. रोज तास सुरू व्हायच्या आधी लिंबाखाली तांब्या भरून, वर फुलपात्र पालथं घालून ठेवायला लागले, म्हणजे आबांना मागावंच लागू नये. माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं. तांब्या रोज भरलेलाच परत यायचा.

चार-पाच दिवसांनी मी स्वतःच लिंबाखाली गेले. काय बोलायचं ते मनात जुळवून नेलं होतं, पण आबांनी मला बोलू दिलं नाही. आधी घोंगड्याचं टोक सारखं करून मला बसायला जागा केली.

"बाई, आमी मेंढरं घिऊन कोकनात जायाचो," ते म्हणाले. "तितली बोली न्यारी. निम्मं आमाला कळायचं न्हाय, निम्मं तेन्ला. पर पानी मागाय कंदी आडचन न्हाय आली. हात आसा केला तरी घरातनं बाया तांब्या घिऊन येत्यात." त्यांनी ओंजळ करून दाखवली.

"तुमी वाईट वाटून घिऊ नगा," आबाच मला समजावायला लागले. "पोरगी हुशार हाय, तिला फुडं जायाचं हाय. म्या आपला जाता-येता बडबडतो आन माझं आयकून तिची जीभ बिघाडती. म्हनून म्या गप बसलोय. परीक्षा हुईस्तवर काय बी बोलायचं न्हाय, आसं ठरिवलंय. बरोबर हाय न्हवं?"

रागावलेल्या माणसाची समजूत घालायची तयारी करून मी गेले होते. हे रागावलेले नव्हतेच. आपलं बोलणं पोरीला बाधतं असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि ते मी शिकवलं होतं. "नाही आबा, बोला तिच्याशी, आजच बोला," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "महिनाभराचाच तर प्रश्न आहे आबा. परीक्षा झाली की पोटभर बोला." आबांनी मान डोलावली. मी आत येऊन बुद्धिमत्ता चाचणीचा सराव घेतला.

परीक्षा झाली. शिकवणी मी उन्हाळ्यासाठी बंद केली. एक दिवस पोरगी एकटीच आली आणि व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"बाई, आबा माझ्याशी बोलत नाहीत."

"परीक्षा झाली ना? मग बोलतील. तूच सुरुवात कर."

"मी केली. ते हो आणि नाही एवढंच म्हणतात. म्हणजे व्हय आणि न्हाय." मग तिनं जीभ चावली.

"अगं, घरी घरच्यासारखं बोलायचं. त्यात काही चूक नाही."

"चूक नाही?"

"नाही."

"मग मी आबांना पाणी का नाही दिलं?"

दहा वर्षांची पोर. प्रश्न तिनं स्वतःला विचारला होता, मला नाही. "तुम्ही का देऊ दिलं नाहीत" असं ती म्हणाली असती तर मला रागवायला तरी जागा मिळाली असती. मी आत गेले, ट्रंकेतून एक कोरी शंभर पानी वही काढली आणि तिला बक्षीस म्हणून दिली. ती वही घेऊन गेली.

तिला स्कॉलरशिप मिळाली. तिचा बाप पेढे घेऊन आला, पोरीला माझ्या पाया पडायला लावलं, कॉलनीभर माझं नाव झालं. पुढच्या वर्षी व्हरांड्यात पोरं मावेनात. माठ होता, पण स्टूल मी आत नेऊन ठेवलं होतं, आणि पाणी ज्याचं त्यानं घ्यायचं होतं. का, ते मी कुणाला सांगितलं नाही. एका आईनं विचारलं, उच्चारांचं काय झालं? मी म्हणाले, यंदा गणितावर भर आहे.

गौरी-गणपतीच्या सुमारास कळलं की आबा अंथरुणाला खिळलेत. पाच-सहा दिवस मी चालढकल केली. शेवटी नवऱ्यानं मोटारसायकलवर वस्तीपर्यंत सोडलं आणि तो पुढे उसाच्या फडाकडे गेला. आबा पडवीत घोंगड्यावर पडले होते, भिंतीला टेकून थोडे बसते केलेले. मुंडासं नव्हतं. मुंडाशाशिवाय त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि ते फार लहान दिसलं. नात त्यांच्या उशाशी बसली होती, मांडीवर पाचवीचं पुस्तक, हाताशी पाण्याचा तांब्या.

तिची आई मला हळू आवाजात म्हणाली, "शाळंतनं आली की हितंच आस्ती. तांब्या हातातनं सोडत न्हाय. त्येंनी मागायच्या आदी म्होरं धरती. मागूच दीत न्हाय."

मी आबांशेजारी बसले. तब्येतीचं विचारलं, ते म्हणाले, आता हाय तसं हाय. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलले. पोरीनं लगेच तांब्या उचलला आणि त्यांच्या तोंडापाशी नेला.

आबांनी तिचं मनगट धरलं. "थांब. बाई आल्यात. मला म्हनू दी."

त्यांनी तोंड किंचित उघडलं. जीभ वर टाळूला नेताना मला दिसली. हे करायला त्यांना दम लागत होता.

"पा... णी."

स्वच्छ, घोटीव ण. सोळा पोरांत इतका चांगला ण मी ऐकला नव्हता.

"लिंबाखाली बसून तुमच्या पोरांसंगं म्हनायचो," आबा म्हणाले. "हळूच, तोंडातल्या तोंडात. बान, येनी, त्ये न्हाय जमलं. ह्यो येकच जमला, तो बी परीक्षा हून गेल्यावर. म्हनलं, तुमी ह्यो बरोबर हाय म्हनलं म्हंजी पोरगी आन म्या पुन्यांदा बोलाय लागू."

"आबा, तू पानीच म्हन की रं," पोरगी म्हणाली. "आबा, पानीच म्हन."

पण आबा तिच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, पाटी दाखवून उभ्या राहिलेल्या पोरासारखे. "बरोबर हाय न्हवं, बाई?"

मी तेव्हा "पानी" म्हणायला हवं होतं. तो माझ्या आईचा शब्द, माझाही. "आबा, पानी घ्या, पोरगी पानी देतीया," एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं, आणि ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण इतक्या मेहनतीनं केलेल्या अभ्यासाला चूक तरी कसं म्हणायचं? तो करायचीच गरज नव्हती, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

"बरोबर आहे, आबा," मी म्हणाले. "अगदी बरोबर."

आबांनी मान डोलावली. मग नातीकडे वळून, आता चालेल का असं नजरेनं विचारलं, तिनं रडत रडत मान हलवेपर्यंत थांबले, आणि मगच तांब्याला ओठ लावले.